लॅपटॉपची उंची आणि शिक्षकाची मान
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



खेड्यातील प्राथमिक शाळेचे दप्तर एके काळी एका लाकडी कपाटात मावत असे. हजेरीपट, जनरल रजिस्टर, आवकजावक वही, आहाराची नोंदवही अशी त्याची मांडणी असे. आज त्यातील पुष्कळसे दप्तर संगणकात गेले आहे. विद्यार्थ्यांची व शाळेची वार्षिक माहिती 'यू-डायस प्लस'वर आणि वेतनाची देयके 'शालार्थ'मध्ये भरावी लागतात. वर्गात दिवसभर उभे राहून शिकविणारा शिक्षक शाळा सुटल्यावर लॅपटॉप उघडतो आणि दिवेलागणीपर्यंत त्यावर वाकून राहतो. शिक्षिकेच्या बाबतीत हे काम बहुधा रात्रीची भांडी आवरल्यानंतर सुरू होते.

वही कोठेही उघडता येत असे. मांडीवर, ओट्यावर, पेटीच्या झाकणावर. लॅपटॉपही तसाच कोठेही उघडता येतो, म्हणून तो तसाच वापरला जातो. परंतु वहीत चार ओळी लिहून ती मिटली जात असे; लॅपटॉपवरील काम दोन-दोन, तीन-तीन तास चालते. परिणामी मान अवघडते, खांदे भरून येतात, मनगटात कळ येते आणि डोळे चुरचुरू लागतात. मग कोणी त्यास वाताचा विकार म्हणतो, कोणी वयाचा दोष मानतो, तर कोणी उसण भरली म्हणून मलम चोळतो. दुखण्याचे कारण मात्र पुष्कळदा समोरच्या यंत्राच्या उंचीत दडलेले असते. ते कारण कोणते आणि खेड्यातील शाळेला परवडेल असा त्यावरील उपाय कोणता, हाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

दुखण्याचे मूळ

मनुष्य ताठ बसला असता त्याचे डोळे आणि त्याची कोपरे यांमध्ये सुमारे पन्नास सेंटिमीटरांचे अंतर असते. हातांना काम कोपरांच्या उंचीवर हवे असते; डोळ्यांना दृश्य जवळजवळ आपल्या समोर हवे असते. म्हणजे कळफलक आणि पडद्याची वरची कड यांमध्ये साधारण तितकेच अंतर असावयास हवे. लॅपटॉपमध्ये मात्र पडदा व कळफलक एकाच बिजागरीने जोडलेले असतात आणि पडद्याची वरची कड कळफलकापासून सुमारे बावीस ते पंचवीस सेंटिमीटरच उंच येते. उरलेली वीतभर उंची यंत्र देत नाही. ती शरीराला भरून काढावी लागते. यंत्र खाली ठेवावे तर मान वाकते. ते वर उचलावे तर हात अधांतरी राहून खांदे ताणले जातात. एकाला सुख दिले की दुसऱ्याला दुःख, असा हा व्यवहार आहे. लॅपटॉपच्या मूळ रचनेतच तो अंतर्भूत असल्याने केवळ 'ताठ बसा' असा उपदेश करून तो मिटत नाही.

ही रचना कशी आली, हेही पाहण्यासारखे आहे. बाळपण तामिळनाडूत घालविलेल्या अ‍ॅडम ऑसबोर्न यांच्या कंपनीने १९८१ साली जो उचलून नेण्याजोगा संगणक विक्रीस आणला, त्याचे वजन सुमारे अकरा किलो होते आणि पडदा अवघा पाच इंचांचा होता. परंतु त्या अवजड पेटीचे झाकण हाच तिचा कळफलक होता. तो वेगळा काढून तारेच्या लांबीइतका सोयीने पुढे ठेवता येत असे. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, 'ग्रिड कंपास' हा संगणक आला. बिल मॉग्रिज या रचनाकाराने त्याचा पडदा कळफलकावर शिंपल्याप्रमाणे मिटेल असा केला. आजचे बहुतेक सर्व लॅपटॉप याच घडणीचे आहेत. वाहून नेण्याची सोय झाली. बसण्याची सोय मात्र गेली. स्टँड आणि सुटा कळफलक यांनी ही गमावलेली सोय परत मिळते, इतकेच त्यांचे काम आहे.

मानेवर भार किती पडतो, याचीही कल्पना असावी. प्रौढ मनुष्याच्या डोक्याचे वजन साधारणपणे साडेचार ते पाच किलो असते. डोके कण्यावर सरळ तोललेले असेल, तर ते वजन सहज पेलले जाते. डोक्यावर भरलेली घागर घेऊन कोसभर चालणारी स्त्री मान ताठ ठेवते, याचे कारण तेच आहे. तीच घागर हात लांब करून धरू म्हटले, तर ती क्षणभरही धरवत नाही. डोके पुढे झुकले की मानेच्या मागील स्नायूंना असेच ओढून धरावे लागते. न्यूयॉर्क येथील शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकीय प्रतिमानावरून हिशोब मांडला. त्यानुसार मान साठ अंशांनी वाकली असता मानेच्या कण्यावरील भार सुमारे सत्तावीस किलोपर्यंत जातो. हा हिशोब प्रतिमानावरचा आहे. प्रत्येकाच्या मानेला तो तंतोतंत लागू होईलच असे नाही. तथापि वाकण्याबरोबर भार झपाट्याने वाढतो, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट होते.

लेखणीचे जुने दुखणे

बसून लिहिणाऱ्यांचे दुखणे संगणकाबरोबर जन्मलेले नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामात्झिनी यांनी निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांच्या रोगांविषयीचा आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला व १७१३ साली तो वाढविला. लेखनिक व कारकून यांच्या विकारांची त्यांनी तीन कारणे सांगितली आहेत. पहिले, सतत बसून राहणे. दुसरे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल. आणि तिसरे, हिशोबात चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वीचे हे निदान, माहिती भरण्याच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉपसमोर बसलेल्या मुख्याध्यापकास अक्षरशः लागू पडते. तिसरे कारण विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. मुदत संपत आली, जाळे मंद झाले, भरलेली माहिती पुसली गेली, की खांदे आपोआप कानांकडे चढतात आणि श्वास आखूड होतो. मनावरचा ताण शरीरात उतरतो तो असा.

कामाला माणूस जुळवून घेण्याऐवजी काम माणसाला जुळवून द्यावे, या विचाराचे पुढे शास्त्र बनले. पोलंडमधील वोयचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७ साली ग्रीक शब्दांवरून त्यास 'एर्गोनॉमिक्स' असे नाव सुचविले. श्रमाचे नियम असा त्याचा अर्थ होतो. नाव परके असले, तरी व्यवहार परका नाही. पोथी वाचणारा पुराणिक ती जमिनीवर ठेवून वाचीत नाही. घडीच्या लाकडी आसनावर ती उंच व किंचित कलती ठेवतो. गादीवर बसून खाते लिहिणारा दिवाणजी पुढ्यात उतरते मेज घेत असे. वाचावयाची वस्तू डोळ्यांकडे आणावी, डोळे वस्तूकडे नेऊ नयेत, हे त्यांस अनुभवाने कळले होते. लॅपटॉपचा स्टँड हा त्या पोथीच्या आसनाचाच वंशज समजावा.

स्टँड कसा असावा

बाजारात घडी होणारे अनेक प्रकारचे स्टँड मिळतात. काही ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे, काही प्लॅस्टिकचे, काही लाकडी फळ्यांचे असतात. कित्येक घडी करून पिशवीत जातात. एकाच शाळेत दोन खोल्यांतून काम करणाऱ्या, किंवा लॅपटॉप घरी नेणाऱ्या शिक्षकास घडीचा स्टँड सोयीचा पडतो. तो घेताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट उंची. पुष्कळ स्वस्त स्टँड यंत्राची मागील बाजू चार-सहा सेंटिमीटर उचलतात. तेवढ्याने यंत्रास हवा मिळते, मानेस आराम मिळत नाही. वर सांगितल्याप्रमाणे उणीव वीतभर उंचीची आहे; म्हणून पंधरा ते वीस सेंटिमीटरपर्यंत उचलणारा व उंची कमीजास्त करता येणारा स्टँड निवडावा. ही उंची प्रत्येकाने स्वतः मोजावी. खुर्चीत ताठ बसून समोर पाहावे. सहकाऱ्याने मेजापासून डोळ्यांपर्यंतची उंची पट्टीने मोजावी. त्यातून उघडलेल्या लॅपटॉपची उंची वजा करावी. जी बाकी राहील, तीच स्टँडची उंची. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या किंचित खाली यावी आणि पडदा हातभर अंतरावर असावा.

दुसरी गोष्ट स्थैर्य. बोट लावताच यंत्र डोलत असेल, तर तो स्टँड घेऊ नये. तिसरी गोष्ट हवा. लॅपटॉपच्या तळाशी उष्णता बाहेर जाण्याच्या फटी असतात. त्या झाकल्या जाऊ नयेत. गादीवर किंवा उशीवर ठेवलेले यंत्र याच कारणाने तापते. मांडीवर तासन्‌तास ठेवलेल्या तप्त लॅपटॉपमुळे कातडीवर जाळीसारखे डाग उमटल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. चौथी गोष्ट घडी. स्टँड उघडण्यास व मिटण्यास सोपा असावा. नाहीतर आठ दिवसांत तो कपाटावर जाऊन बसतो.

या चारांहून महत्त्वाची अशी पाचवी गोष्ट आहे. तिच्याविना वरील चारही व्यर्थ होत. लॅपटॉप उंच केल्यावर त्याच्याच कळा दाबत राहिल्यास हात वर उचललेले राहतात आणि मानेचे दुखणे खांद्यांत व मनगटांत जाते. म्हणून स्टँडबरोबर सुटा कळफलक व माउस हवाच. तारेचा साधा कळफलक काही शे रुपयांत मिळतो. तो मेजाच्या कडेजवळ, कोपरांच्या उंचीवर ठेवावा. कोपर अंगालगत व साधारण काटकोनात असावे. मनगट वर किंवा खाली मुडपलेले नसावे. माउस कळफलकाच्या अगदी शेजारी असावा. तो घेण्यासाठी हात लांबवावा लागू नये. पैसा एकाच वस्तूपुरता असेल, तर आधी कळफलक घ्यावा. कारण उंची घरच्या वस्तूंनीही देता येते. वेगळेपणा मात्र कळफलकानेच येतो.

स्टँड नसेल तर

वीतभर उंची देण्यास बाजाराची गरज नाही. जुन्या जाड पुस्तकांचा सपाट ढीग, पालथी घातलेली मजबूत खोकी, लहान चौरंग किंवा सुताराकडून करून घेतलेली फळीची घडवंची यांपैकी काहीही चालते. उंची बरोबर असावी, वस्तू हलू नये आणि हवेच्या फटी मोकळ्या राहाव्यात, एवढे पाहिले म्हणजे झाले.

सुटा कळफलकही नसेल, तेव्हा कामाचे दोन भाग करावेत. केवळ वाचावयाचे, तपासावयाचे किंवा पाहावयाचे काम असेल, तेव्हा यंत्र उंचावर ठेवावे. पुष्कळ टंकन करावयाचे असेल, तेव्हा ते मेजावर खाली घ्यावे, पडदा मागे कलवावा आणि वेळोवेळी मान वर करावी. ही तडजोड आहे, पूर्ण उपाय नव्हे. परंतु तिनेही एकाच अवयवावर सर्व भार पडणे टळते.

खुर्चीविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील, तर पायाखाली पाट किंवा दोन विटा ठेवाव्यात. कंबरेच्या पोकळीत गुंडाळलेला पंचा ठेवला, की साध्या लाकडी खुर्चीसही चांगला आधार येतो. जमिनीवर बसून काम करण्याची सवय असलेल्यांनी भिंतीशी पाठ टेकवून, पुढ्यात उतरते मेज किंवा चौरंग घेऊन बसावे. त्यावर कळफलक ठेवावा आणि पडदा आणखी वीतभर उंच ठेवावा. खाटेवर पालथे पडून किंवा उशीवर रेलून काम करणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे.

डोळे, उजेड आणि चष्मा

पडद्याकडे पाहताना पापण्या नेहमीपेक्षा बऱ्याच कमी वेळा लवतात; त्यामुळे डोळ्यांचा ओलावा सुकतो आणि चुरचूर सुरू होते. यासाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंदपर्यंत सुमारे वीस फुटांपलीकडील वस्तूकडे पाहावे, असा सोपा नियम नेत्रतज्ज्ञ सांगतात. खेड्यातील शाळेस यासाठी वेगळी योजना नको; दारातून पटांगणापलीकडचे झाड दिसले म्हणजे पुरे. पाहताना पापण्या मुद्दाम दहा-वीस वेळा मिटाव्यात.

खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला असावी. ती पाठीमागे असल्यास पडद्यावर तिची चकाकी पडते. समोर असल्यास डोळे दिपतात. अंधाऱ्या खोलीत केवळ पडद्याच्या उजेडात काम करू नये. अक्षरे लहान वाटत असतील, तर पुढे वाकण्याऐवजी अक्षरे मोठी करावीत. संगणकात ती सोय असते.

चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकांसाठी एक महत्त्वाचा अपवाद आहे. ज्यांच्या चष्म्यास दोन भाग असतात, त्यांना जवळचे पाहण्यासाठी भिंगाच्या खालच्या भागातून पाहावे लागते. अशांनी पडदा डोळ्यांच्या रेषेत ठेवला, तर त्यांस हनुवटी वर करून पाहावे लागते आणि मान मागे मुडपून दुखते. त्यांनी पडदा इतरांपेक्षा खाली ठेवून किंचित मागे कलवावा. अथवा पडद्याच्या अंतरापुरता वेगळा एकेरी चष्मा नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्यावा. नियम शरीरासाठी असतात, शरीर नियमांसाठी नसते, हे येथे विशेषेकरून ध्यानात ठेवावे.

घंटेचा उपयोग

उत्तम स्टँड, उत्तम खुर्ची आणि उत्तम उजेड असूनही तीन तास न हलता बसणाऱ्याचे अंग दुखणारच. कोणतीही बैठक, कितीही निर्दोष असली, तरी ती फार वेळ टिकविण्याजोगी नसते. बहुत वेळाने घेतलेल्या दीर्घ विश्रांतीपेक्षा वारंवार घेतलेली अल्प विश्रांती अधिक गुणकारी असते. दोन तासांनी वीस मिनिटे उठण्यापेक्षा दर तासाला पाच-दहा मिनिटे उठणे बरे. शाळेला हे तत्त्व नवे नाही. मुलांसाठी प्रत्येक तासिकेनंतर घंटा होते. लघुविश्रांती व मधली सुट्टी होते. तीच घंटा शिक्षकाने स्वतःच्या बैठकीस लावावी. उठून पाणी प्यावे, खांदे फिरवावेत, मान सावकाश दोन्ही बाजूंस वळवावी, बोटे ताणून मोकळी करावीत.

तरीही काही लक्षणे अंगावर काढू नयेत. अंगठा व त्याशेजारच्या बोटांत मुंग्या येणे किंवा बधिरपणा वाटणे, हातातून खडू निसटणे, मानेपासून हातात कळ उतरणे, रात्री दुखण्याने झोपमोड होणे, यांपैकी काहीही आढळल्यास मलमावर विसंबू नये, डॉक्टरांस दाखवावे. दुखणे लपविण्यात कोणताही मोठेपणा नाही आणि ते सांगण्यात कामचुकारपणा नाही.

येथे मुख्याध्यापकांचे व केंद्रप्रमुखांचेही कर्तव्य येते. सर्व माहिती अखेरच्या दोन दिवसांत एकाच शिक्षकाच्या माथी मारली, तर वीतभर उंचीचा उपायही त्यास वाचवू शकणार नाही. माहिती वर्षभर थोडी थोडी भरली जावी. काम दोघातिघांत वाटले जावे. आणि शाळेसाठी साहित्य घेताना यंत्राबरोबर कळफलक व स्टँड यांचाही विचार व्हावा. यंत्राच्या किमतीपुढे या वस्तूंची किंमत अल्प आहे.

मुलांचे डोळे शिक्षकाकडे

शेवटी मुलांविषयी. आता पुष्कळ शाळांत मुलेही संगणकासमोर बसतात. प्रौढांच्या खुर्चीत बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाचे पाय लोंबकळतात, मेजाची कड त्याच्या छातीशी येते आणि हात वर चढतात. त्यास उंच बसवून पायाखाली पाट द्यावा. एकाच पडद्याभोवती पाच मुले असतील, तर त्यांना आळीपाळीने मधोमध बसवावे. कडेच्या मुलाची मान नेहमी वाकडी राहू नये. पडदा, पाय, पाठ आणि मनगट या चार गोष्टी परस्परांच्या तपासून पाहण्याचा उपक्रम मुलांना आवडतो. मोजपट्टी हाती असली म्हणजे त्यात गणितही होते.

मुले उपदेशापेक्षा अनुकरणाने शिकतात, हे शिक्षकांना सांगावयास नको. 'ताठ बसा' असे म्हणणारे गुरुजी स्वतः लॅपटॉपवर ओणवे झालेले दिसले, तर मुले ओणवे होणेच शिकतील. अक्षरे गिरविताना पाटी कशी धरावी, हे शाळेने पिढ्यान्‌पिढ्या शिकविले. पडद्यासमोर कसे बसावे, हे शिकविण्याचे कामही शाळेकडेच आले आहे.

तात्पर्य, पडदा डोळ्यांकडे न्यावा, कळफलक हातांकडे ठेवावा आणि शरीरास दर तासाला मोकळीक द्यावी. पुढील कामास बसण्यापूर्वी प्रत्येकाने मेजापासून आपल्या डोळ्यांची उंची एकदा मोजून घ्यावी आणि हाताशी असेल त्या वस्तूने यंत्र तितके उंच करावे. दप्तर संगणकात गेले, तरी ते भरणारा हात आणि वर्गात शिकविण्यासाठी वर उचलावी लागणारी मान शिक्षकाचीच आहे. तिचे जतन हेही शाळेचेच काम होय.